माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ : आधी ओळख, मग कंडेन्सर, वीज सगळ्यात शेवटी

जुन्या रेडिओंबद्दल नागपूर आणि आसपासहून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांची उत्तरं या अंकात देत आहोत. बहुतेक पत्रांत क्रम सारखाच आहे : रेडिओ सापडला, प्लग लावला, काहीतरी जळलं, मग पत्र लिहिलं. हा क्रम बदला, ही कळकळीची विनंती. व्हॉल्व्ह रेडिओच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या सेटच्या, आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि बटण बंद केल्यावरही ते काही वेळ कंडेन्सरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) टिकून राहतात. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची सवय नसलेल्यांनी ओळख पटवणं, सफाई आणि कॅबिनेट एवढंच घरी करावं. आतलं काम जाणकाराकडे द्यावं, मात्र काय करून घ्यायचं ते नीट समजून घेऊन द्यावं.

प्रश्न (महाल) : वाड्याच्या दुरुस्तीत माळ्यावर आजोबांचा लाकडी रेडिओ सापडला. समोरची नावाची पट्टी नाही, मागचा पुठ्ठाही नाही. आत पाच काचेच्या नळ्या आहेत. कंपनी आणि साल कसं ओळखायचं? चालू करून पाहू का?

उत्तर : चालू करू नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

पट्टी गेली तरी तिची जागा बघा. तिथे खिळ्यांची दोन भोकं असतात आणि तेवढ्या भागाचं पॉलिश उन्हापासून वाचून गडद राहिलेलं असतं. त्या आकारावरून मर्फी, फिलिप्स, बुश, जीईसी, एचएमव्ही, नॅशनल एको यांपैकी कोणाची पट्टी तिथे बसते हे इतर सेटच्या फोटोंशी ताडून पाहता येतं. मग टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या आतल्या बाजू आणि तळ तपासा. व्हॉल्व्ह कुठे कोणता बसतो याचा छापील कागद बऱ्याचदा तिथे चिकटवलेला असतो. चासीच्या, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याच्या, मागच्या कडेवर ठोकलेला नंबर शोधा. स्पीकर, गँग (केंद्र लावणारा पात्यांचा कंडेन्सर) आणि ट्रान्सफॉर्मरवरचं नाव मात्र सेटचं समजू नका, ते सुटे भाग बनवणाऱ्याचं असतं. घरच्या जुन्या कागदांत पोस्टाचं रेडिओ लायसन्स असेल तर तेही वाचा, त्यावर सेटचा उल्लेख सापडू शकतो.

सगळ्यात भरवशाचा पुरावा व्हॉल्व्हवरच्या अक्षरांचा. काच कोरड्या हातानेही घासू नका, अक्षरं लगेच पुसली जातात. तोंडाची वाफ सोडून तिरप्या उजेडात वाचा आणि फोटो काढा. युरोपीय पद्धतीच्या नावात पहिलं अक्षर फिलामेंटचं, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या साखळीतला व्हॉल्व्ह, ‘डी’ म्हणजे बॅटरीवरचा १.४ व्होल्टचा. पुढची अक्षरं काम सांगतात : ‘सीएच’ फ्रीक्वेन्सी बदलणारा, ‘एफ’ केंद्राचा सिग्नल वाढवणारा (आरएफ-आयएफचा) पेंटोड, ‘बीसी’ सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर आणि ऑडिओ ट्रायोड, ‘एल’ स्पीकर चालवणारा आउटपुट, ‘एम’ केंद्र नीट लागल्याचं दाखवणारा हिरवा डोळा, ‘वाय’ आणि ‘झेड’ एसीचं डीसी करणारे रेक्टिफायर. आकडा बैठकीचा, म्हणजे बूड आणि पिनांच्या प्रकाराचा : तीसपासूनचा ऑक्टल, चाळीसपासूनचा रिमलॉक, ऐंशीपासूनचा नऊ पिनांचा नोव्हल, नव्वदपासूनचा सात पिनांचा. म्हणून ईएल८४ वाचलं की कळतं : ६.३ व्होल्टचा, आउटपुट पेंटोड, नोव्हल बैठक. ६के७, ६व्ही६ अशी नावं अमेरिकन पद्धतीची.

सालाचा अंदाज बैठकीवरून येतो. काळं बूड आणि मधे खाचेची दांडी असलेला ऑक्टल १९३५ नंतरचा. बुडाजवळ काचेचा छोटा उंचवटा असलेला रिमलॉक चाळीसच्या दशकाच्या अखेरचा. बूड नसलेला, काचेतूनच नऊ बारीक पिना निघालेला नोव्हल पन्नासच्या दशकापासूनचा. सेट आपल्या मूळ व्हॉल्व्हपेक्षा जुना असू शकत नाही, फक्त मधे कोणी होल्डर बदललेला नाही ना ते बघा. फिलिप्सच्या मॉडेल नंबरात शेवटचं अक्षर ‘ए’ असेल तर सेट एसीचा, ‘यू’ असेल तर एसी-डीसी दोन्हीवरचा, ‘बी’ असेल तर बॅटरीचा. डायलवर लाँगवेव्हचा पट्टा दिसला तर सेट बहुधा युरोपसाठी बनलेला आहे. इथल्या बाजारासाठीच्या सेटवर मीडियमवेव्ह आणि एक-दोन-तीन शॉर्टवेव्ह असत.

प्रश्न (सदर) : ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८० असे व्हॉल्व्ह असलेला रेडिओ प्लग लावताच वाजला. दहा मिनिटांनी आवाज फाटला, घूं घूं वाढली आणि जळका वास आला, म्हणून बंद केला. मेकॅनिक म्हणतात, पाचही व्हॉल्व्ह बदलावे लागतील.

उत्तर : व्हॉल्व्ह विकत घेऊ नका. पाच व्हॉल्व्ह एकाच दिवशी जात नाहीत. जातात ते कंडेन्सर, आणि तुमच्या पत्रातली तिन्ही लक्षणं त्यांचीच आहेत.

ईबीसी८१च्या अ‍ॅनोडवरून (सिग्नल बाहेर पडणारं टोक) ईएल८४च्या ग्रिडकडे (सिग्नल आत घेणारं टोक) जाणारा मेणकागदाचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर शोधा. त्याच्या एका टोकाला शंभरेक व्होल्ट असतात, दुसऱ्या टोकाला शून्य असायला हवेत. नव्या कंडेन्सरचं इन्सुलेशन शेकडो मेगओहम असतं. कागदाने ओल धरली की ते दहा मेगओहमवर येतं. ग्रिडचा रझिस्टन्स ४७० किलोओहम असेल तर तेवढ्या गळतीनेच ग्रिडवर साडेचार व्होल्ट पॉझिटिव्ह येतात. ईएल८४ला सुमारे सात व्होल्ट निगेटिव्ह बायस (ग्रिडवरचा ठरलेला दाब) लागतो, त्यातला मोठा भाग असा खाल्ला जातो. करंट वाढतो, आवाज फाटतो, व्हॉल्व्ह तापतो, आणि त्याच्यामागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मेन ट्रान्सफॉर्मर सगळेच तापतात. उष्णतेने गळती आणखी वाढते. पहिली दहा मिनिटं रेडिओ चांगला वाजला तो यामुळेच. आपल्याकडच्या मे महिन्यात चासीच्या पोटातलं मेण वितळून टपकलेलं दिसतं. तसे थेंब दिसले तर मेणकागदाचे सगळेच कंडेन्सर बाद समजा. घुमणं मात्र फिल्टरच्या, म्हणजे रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणाऱ्या, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं, तो आतून सुकलेला असतो.

कामाची पद्धत अशी. प्लग काढा. नॉब आणि तळाचे बोल्ट काढून चासी बाहेर घ्या, स्पीकरच्या वायरींना चिठ्ठ्या लावा. १० किलोओहम, ५ वॅटच्या रझिस्टन्सला दोन इन्सुलेटेड क्लिपा लावून फिल्टर कंडेन्सरच्या प्रत्येक पॉझिटिव्ह टोकावर दहा सेकंद धरा, मग मीटरने शून्य व्होल्ट असल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका, टोकं तुटतात आणि माणूस दचकून दुसरीकडे हात लावतो. चारही बाजूंनी फोटो काढा. यानंतर एका वेळी एकच कंडेन्सर बदला. सगळे एकदम कापून ठेवले की कोणता कुठला हे कळत नाही.

मेणकागदाच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर बसवा. जुने ०.०५, ०.०२ आणि ०.००५ आता ०.०४७, ०.०२२ आणि ०.००४७ या मापांत मिळतात, तेवढा फरक चालतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचा टोन कंडेन्सर १,६०० व्होल्टचा घ्या, तिथे ऑडिओचे झटके मोठे असतात. मेनच्या दोन वायरींमधला कंडेन्सर एक्स२ वर्गाचाच आणि मेनपासून चासीला जाणारा वाय वर्गाचाच हवा. अभ्रकाच्या आणि सिरॅमिक कंडेन्सरांना कारण असल्याशिवाय हात लावू नका.

फिल्टर ३२+३२ किंवा ५०+५० असेल तर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन लावा. ईझेड८०च्या लगेच पुढे ५० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त घालू नका, चालू करतानाच्या धक्क्याने रेक्टिफायर जातो. ५वाय३ किंवा ६एक्स५ रेक्टिफायर असलेल्या जुन्या सेटमध्ये मूळ १६ असेल तर २२च्या पुढे जाऊ नका. जुना अ‍ॅल्युमिनियमचा डबा दिसायला चासीवर राहू द्या, पण त्याच्या सगळ्या वायरी सोडवा. नवा कंडेन्सर जुन्याला समांतर जोडून काम उरकणं चूक आहे, जुना शॉर्ट झाला की दोन्ही गेले. आणखी एक सापळा : काही सेटमध्ये फिल्टरचं निगेटिव्ह थेट चासीला नसतं, मधे एक छोटा रझिस्टन्स असतो आणि त्यावर आउटपुट व्हॉल्व्हचा बायस तयार होतो. जुन्याचं निगेटिव्ह जिथे गेलं होतं, नव्याचंही तिथेच जायला हवं.

कार्बनचे रझिस्टन्स वयाबरोबर वाढतात. जागेवरच मोजा. समांतर वाटांमुळे रीडिंग छापील किमतीपेक्षा कमी येऊ शकतं, जास्त येत नाही. म्हणून २२० किलोओहमचा जागेवरच ३०० दाखवत असेल तर तो नक्की बाद.

वीज आता. फेजच्या वायरीत ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. रेक्टिफायर काढून पहिल्यांदा चालू करा : बल्ब एकदा उजळून मंद झाला पाहिजे. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर बाकीचे व्हॉल्व्ह आणि डायलचे दिवे काढून पुन्हा बघा. तरीही तसाच असेल तर ट्रान्सफॉर्मर आतून शॉर्ट आहे. रिवाइंड करून घेताना तुमच्या पाच व्हॉल्व्हसाठी आणि दोन दिव्यांसाठी ६.३ व्होल्टची वाइंडिंग ३ अँपिअरची सांगा. पाच व्हॉल्व्हचेच २.१ अँपिअर होतात. एचटीचे (उच्च दाबाच्या वाइंडिंगचे) व्होल्ट जुन्या वाइंडिंगवरून काढून घ्यायला सांगा.

ट्रान्सफॉर्मर ठीक असेल तर रेक्टिफायर बसवा, स्पीकर जोडलेला असल्याची खात्री करा आणि पुन्हा चालू करा. स्पीकरशिवाय आउटपुट व्हॉल्व्ह चालवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग फुटते. मीटरची काळी क्लिप चासीला लावून ठेवा आणि एकाच हाताने मोजा. ईएल८४च्या पिन २वर शून्य, पिन ३वर पूर्ण दाबावर सुमारे सात व्होल्ट, बल्ब असताना त्याहून कमी. बल्ब काढून पूर्ण दाबावर पंधरा मिनिटं चालवल्यावर पिन २ पुन्हा मोजा. नव्या कंडेन्सरनंतरही तिथे पॉझिटिव्ह व्होल्ट चढत असतील तर मात्र ईएल८४च सदोष आहे, तो एकच बदला. ईएल८४ आजही नवा बनतो. ईसीएच८१, ईएफ८९ फक्त जुन्या साठ्यातले मिळतात, म्हणून चांगले चालणारे व्हॉल्व्ह कोणाच्या सांगण्यावरून देऊन टाकू नका.

जाता जाता ट्रान्सफॉर्मरवरचा व्होल्टेजचा टॅपही (मेनचा दाब निवडायची जोडणी) बघा. तो २२०वर असेल आणि घरात २४५ व्होल्ट येत असतील तर ६.३च्या फिलामेंटला ७ व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. टॅप २४० किंवा २५०वर न्या.

प्रश्न (धरमपेठ) : सासरेबुवांच्या रेडिओला मोठा ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. व्हॉल्व्ह यूसीएच४२, यूएफ४१, यूबीसी४१, यूएल४१, यूवाय४१ आहेत. वाजतो, पण नॉबच्या स्क्रूला बोट लागलं की करंट बसतो. अर्थिंग जोडलं तर थांबेल ना?

उत्तर : चासीला अर्थिंग मुळीच जोडू नका. हा एसी-डीसी सेट आहे, त्याची चासी मेनच्या एका वायरीला सरळ जोडलेली असते. ती वायर फेजची असेल तर अर्थिंग जोडताच थेट शॉर्ट होईल. दुरुस्ती होईपर्यंत सेट प्लगवरून काढून ठेवा.

या सेटमध्ये सगळे फिलामेंट एका साखळीत असतात. तुमच्या पाच व्हॉल्व्हचे व्होल्ट १४, १२.६, १४, ४५ आणि ३१, एकूण ११६.६. मेन २३० धरलं तर उरलेले ११३ व्होल्ट ड्रॉपर रझिस्टन्सवर पडतात आणि १०० मिलिअँपिअरला ते ११ वॅटपेक्षा जास्त उष्णता देतात. ड्रॉपरजवळ मेणाचा कंडेन्सर, कापड किंवा पुठ्ठा टेकलेला नको. एक फिलामेंट तुटलं की सगळे व्हॉल्व्ह विझतात. तेव्हा प्लग काढून प्रत्येकाचं फिलामेंट मीटरने तपासलं की दोषी लगेच सापडतो.

उलटा न बसणारा तीन पिनांचा प्लग लावा आणि चासीची बाजू न्यूट्रलला घ्या, प्लगची अर्थिंगची पिन रिकामी ठेवा. सॉकेटमध्ये फेज खरंच उजवीकडे आहे का ते टेस्टरने आधी बघा, जुन्या वायरिंगमध्ये ते उलटं सापडतं. रेडिओचं बटण कुठली वायर तोडतं तेही तपासा. ते चासीकडची वायर तोडत असेल तर सेट बंद केल्यावर फिलामेंटच्या साखळीतून चासीवर फेज येतो. बटण फेजच्या बाजूला घ्या किंवा दोन्ही वायरी तोडणारं बसवा. नॉबचे स्क्रू खोल बसवून वरची भोकं मेणाने बुजवा. मागचा पुठ्ठा नसेल तर भोकं पाडलेला नवा करून लावा, त्याशिवाय हा सेट घरात चालवायचा नाही. एरियल आणि अर्थच्या सॉकेटमागचे कंडेन्सर वाय वर्गाचे नवे घाला. टेबलावर दुरुस्ती करताना १०० व्हीएचा, २३०ला २३० आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

प्रश्न (सक्करदरा) : नॉब फिरतो पण काटा हलत नाही. शिवणाच्या दोऱ्याने बांधला, तरी घसरतो.

उत्तर : शिवणाचा दोरा आणि साधा नायलॉन ताणले जातात. डायल कॉर्ड मिळाली नाही तर मासेमारीची विणलेली दोरी घ्या. आधी जुन्या दोरीचा मार्ग कागदावर काढा. गँगची पाती पूर्ण आत घ्या, ड्रमवर स्प्रिंग अडकवा, ट्यूनिंगच्या दांडीवर तीन वेढे द्या आणि गाठ मारताना स्प्रिंग अर्धी ताणलेली राहील असं बघा. पाती पूर्ण आत असताना काटा साडेपाचशे मीटरच्या टोकाला बसवायचा. डायलच्या काचेची मागची, छापील बाजू पाण्याने किंवा स्पिरिटने कधीच पुसू नका, केंद्रांची नावं फडक्यावर येतात आणि ती परत मिळत नाहीत. मऊ कोरडा ब्रश पुरे.

प्रश्न (इतवारी) : कॅबिनेटचं पॉलिश तडकलं आहे, खाली भुंग्याची भोकं आहेत. सुतार म्हणतो घासून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारू.

उत्तर : मशीनने घासलं तर एक मिलिमीटरपेक्षा पातळ असलेलं व्हिनियर (वरचा लाकडी पापुद्रा) फाटून आतलं लाकूड दिसेल. आधी तळाजवळ लपलेल्या जागी कापसाने स्पिरिट लावा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे आणि त्यावर लाखेचंच चढवता येतं. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ग्रॅम चपडा लाख रात्रभर विरघळवा, गाळून घ्या, आणि सुती कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्या. दोन हातांत तासभराचं अंतर ठेवा. पावसाळ्यात हे काम करू नका, हवेतल्या ओलीने पॉलिश पांढुरकं पडतं. कूलर चालू असलेल्या खोलीतही तेच होतं. दिवाळी ते होळी हा नागपूरचा कोरडा काळ सगळ्यात चांगला. भोकांत वाळवीचं औषध सिरिंजने सोडा आणि आठवड्याने मेणाने बुजवा, पण चासी, स्पीकर आणि जाळीचं कापड बाहेर काढल्यावरच. बेकलाइटचं कॅबिनेट असेल तर सँडपेपर अजिबात नको. साबणाच्या पाण्याने पुसून पितळेच्या पॉलिशची पेस्ट हलक्या हाताने फिरवा.

प्रश्न (प्रतापनगर) : रेडिओ दुरुस्त झाला, पण नुसती खरखर. आयएफ ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू फिरवून बघू का? की आत ब्लूटूथ बसवून टाकू?

उत्तर : दोन्ही नको. आयएफचे स्क्रू कारखान्यात जुळवून मेणाने बंद केलेले असतात. सिग्नल जनरेटरशिवाय फिरवलेला सेट पुन्हा जुळवणं फार कठीण जातं.

खरखर बहुधा घरातूनच येते. साधा सेलवरचा मीडियमवेव्हचा छोटा रेडिओ घ्या, केंद्र नसलेल्या जागी लावा आणि घरभर फिरवा. एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा यांपैकी कोण आवाज करतं ते कळेल. मग गच्चीवर दहा-पंधरा मीटर वायर दोन इन्सुलेटरांमध्ये ताणून एरियल करा. मान्सूनपूर्व वादळांत ती रेडिओपासून सोडवून बाहेरच अर्थला जोडून ठेवा.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८पासून आहे. त्याचा मीडियमवेव्ह ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे डायलवर ५१३ मीटरच्या जवळ शोधा. तीन लाखाला किलोहर्ट्झने भागलं की मीटर येतात. डायलवर छापलेल्या नावापाशी ते केंद्र लागत नाही म्हणून सेट बिघडला असं समजू नका. २३ नोव्हेंबर १९७८पासून मीडियमवेव्हवर ९ किलोहर्ट्झ अंतराची नवी आखणी लागू झाली आणि जुन्या जागा सरकल्या. डिजिटल डीआरएम प्रसारण या सेटवर फक्त सूं असं ऐकू येतं. एकही केंद्र लागत नसेल तर बँड स्विचच्या संपर्कांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब बारीक ब्रशने लावून स्विच वीस-तीसदा फिरवा. केरोसीन किंवा खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसून गळती सुरू होते.

मोबाइलवरची गाणी ऐकायची असतील तर सेटच्या मागे ग्रामोफोन पिकअपचं सॉकेट असतं, तिथे वायर जोडा. रेडिओ अखंड राहतो आणि आवाज व्हॉल्व्हमधूनच येतो. हे फक्त ट्रान्सफॉर्मरच्या सेटवर करायचं. ‘यू’ व्हॉल्व्हच्या सेटला मोबाइल जोडलात तर फोनवर आणि हातावर मेन येईल.

प्रश्न (काटोल) : शेतावरच्या घरात बॅटरीचा रेडिओ आहे. डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६. त्याची मोठी बॅटरी आता मिळत नाही.

उत्तर : ती ९० व्होल्टची होती. ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की तेवढे होतात, आणि या सेटला एचटीचे दहा-बारा मिलिअँपिअरच लागतात. फिलामेंटना १.५ व्होल्टचा एक मोठा सेल पुरतो : पहिले तीन व्हॉल्व्ह २५ मिलिअँपिअरचे आणि डीएल९६ ५०चा, मिळून १२५. दोन सेल सिरीजमध्ये लावू नका. ९० व्होल्टची वायर चुकून फिलामेंटला लागली तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जातात, म्हणून दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळ्या आकाराची कनेक्टर लावा आणि ९० व्होल्टच्या वायरीत १०० मिलिअँपिअरचा फ्यूज घाला. जोडण्याआधी कंडेन्सरची तपासणी इथेही तशीच करायची. एचटीवरचा इलेक्ट्रोलिटिक गळत असेल तर बंद सेटमध्येही ९० व्होल्टचा संच आठवड्यात संपतो.